मागचा दिवा आणि काळी झिलई

मनुष्याला सजावटीची हौस उपजतच असते. पोळ्याला बैलांची शिंगे रंगविणारा आपल्या भागातील शेतकरी आणि नव्या मोटारीला नटविणारा त्याचा मुलगा, या दोघांची हौस मुळात एकच होय. त्या हौसेला माझा विरोध नाही. परंतु मोटारीच्या मागच्या लाल दिव्यांवर घरच्या घरी काळसर रंग मारून त्यांना चकचकीत करण्याची जी टूम तरुणांत आढळते, तिचा शास्त्रीय दृष्टीने विचार होणे आवश्यक आहे. ही क्रिया कशी करतात, चकाकी कशामुळे येते आणि तीत दिव्याचे काय होते, हे तीन प्रश्न प्रस्तुत लेखात क्रमाने पाहू या.

प्रथम कृती. दिवा गाडीपासून सोडवून साबणाच्या पाण्याने धुतात व पूर्ण वाळवितात. मग ८०० व १००० नंबरच्या वॉटर पेपरने त्याचे आवरण ओले ठेवून घासतात. या आवरणाला आपण 'काच' म्हणतो खरे, पण ते बहुधा ॲक्रिलिक नावाचे प्लॅस्टिक असते. घासल्यामुळे पृष्ठभाग खरबरीत होतो व रंग धरून राहतो. नंतर धुरकट पारदर्शक रंगाचा स्प्रे वीतभर अंतरावरून पातळ थरांनी मारतात. प्रत्येक थर वाळल्यावरच दुसरा द्यावयाचा असतो. त्यावर क्लिअर लॅकरचे दोन-तीन थर देतात. ते चांगले कडक झाले की १५०० व २००० नंबरच्या पेपरने पुन्हा ओले घासून शेवटी रबिंग कंपाउंडने मऊ फडक्याने चोळतात. येथे थिनर वापरणे घातक ठरते, कारण त्याने ॲक्रिलिकला बारीक तडे जातात.

आता चकाकी म्हणजे काय? पृष्ठभागावर उंचवटे असले की प्रकाश चहूकडे विखुरतो आणि वस्तू निस्तेज दिसते. लॅकर हे उंचवटे भरून काढते, घासण्याने उरलेसुरले सपाट होतात आणि प्रकाश आरशाप्रमाणे एकाच दिशेने परावर्तित होतो. म्हणजे झिलई ही रंगातून येत नाही, ती गुळगुळीतपणातून येते. हा मुद्दा ध्यानात ठेवावा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. लाल आवरण ही मुळातच एक गाळणी आहे. बल्बच्या पांढऱ्या प्रकाशातील लाल किरण ती सोडते व बाकीचे बहुतेक शोषून घेते. त्यावर काळा थर दिला म्हणजे गाळलेल्या प्रकाशालाही पुन्हा कात्री लागते. समजा, एक थर ८० टक्के प्रकाश जाऊ देतो. दोन थरांतून ८० टक्क्यांचे ८० टक्के, म्हणजे ६४ टक्के प्रकाश जाईल आणि तीन थरांतून सुमारे ५१ टक्के. थरांची वजाबाकी होत नाही, गुणाकार होतो. म्हणूनच 'अजून एकच हात' हे शब्द महाग पडतात.

याहून सूक्ष्म गोष्ट परावर्तकाची. पुष्कळ दिव्यांच्या आवरणात आतील बाजूस परस्परांशी काटकोनात असलेल्या तीन-तीन पृष्ठांच्या बारीक खाचा असतात. त्यांवर पडलेला प्रकाश जिकडून आला तिकडेच परत जातो. आपल्या गाडीचा दिवा बंद असला तरी मागून येणाऱ्याच्या हेडलाइटमुळे हा भाग लाल चमकतो. काळ्या थरातून मात्र या प्रकाशाला जाताना एकदा आणि परतताना एकदा असे दोनदा जावे लागते. तेव्हा तीन थरांनंतर दिव्याचा प्रकाश निम्मा उरतो, तर परावर्तकाचा जेमतेम चौथा हिस्सा, म्हणजे २६ टक्के उरतो.

ब्रेकच्या दिव्याचे आणखी वेगळे. साध्या बल्बमध्ये मागच्या दिव्याची तार ५ वॉटची, तर ब्रेकची २१ वॉटची असते. ब्रेक लागल्याची खूण म्हणजे हा वाढलेला उजेड. तोच मंदावला तर भर उन्हात तो दिसणेच कठीण होते आणि रात्री दुरून साध्या दिव्यासारखा भासू शकतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. मागच्या चालकाला उमगण्यास अर्धा सेकंद उशीर झाला, तर आठ मीटर रस्ता संपलेला असतो.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसावा असे सांगितले आहे. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, हे आपण वर्गात शिकतोच. तो नियम येथे लावून पाहा. पूर्वी १५५ मीटरवर जेवढा प्रकाश पोचत असे, तेवढा तीन थरांनंतर सुमारे १११ मीटरवरच मिळेल. चव्वेचाळीस मीटर आपण हौसेपायी गमावले! शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम वाहनात मनमानी फेरबदल करण्यास मज्जाव करते, तेही विसरू नये.

चिंताकीहून औरादकडे वा बीदरकडे रात्री जाणाऱ्यास हे आकडे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. गाव मागे पडले की अंधार असतो. उसाच्या हंगामात भरलेल्या ट्रॉल्या, बैलगाड्या, सायकली आणि पायी चालणारे सारे त्याच रस्त्यावर असतात. तेथे पुढच्या वाहनाचा ठावठिकाणा सांगणारा तो लाल ठिपका हाच एक आधार. तो ठिपका गाडीच्या मालकाला स्वतःला दिसत नाही. तो असतोच मुळी मागून येणाऱ्यासाठी, आणि त्याला आपल्या हौसेविषयी कोणी विचारलेले नसते.

काळी झिलई आपल्या बीदरला नवी नाही. बिदरी कामात जस्त व तांबे यांच्या मिश्रधातूच्या भांड्यावर चांदी जडवितात आणि किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या लेपाने ते काळे करतात. पण तो लेप धातूला काळे करतो, चांदीला नाही. चांदी उजळून दिसावी म्हणूनच तेथे काळा रंग आहे. मोटारीच्या दिव्यावर आपण चांदीच झाकून टाकतो.

मग हौसेने करावे तरी काय? झिलई गुळगुळीतपणातून येते, हे वर पाहिलेच. उन्हाने व धुळीने मंद झालेले जुने लाल आवरण याच रीतीने वॉटर पेपरने हलके घासावे आणि काळ्या रंगाला फाटा देऊन उन्हात टिकणारे स्वच्छ लॅकर द्यावे. आवरण नव्यासारखे चमकते आणि प्रकाश वाढतो. मी भंगारातून आणलेल्या एका आवरणाचा अर्धा भाग असा उजळून पाहिला. टॉर्च मागे धरताच दोन्ही अर्धांतील फरक नुसत्या डोळ्यांनी कळतो. परावर्तकाच्या खाचा मात्र आतील बाजूस असतात. त्यांना हात लावू नये.

आणि उरलेल्या पैशांत लाल परावर्तक पट्टी आणून घरच्या ट्रॉलीला व बैलगाडीला मागून लावावी. विद्यार्थी मित्रहो, ही सजावट दिवसा कोणाच्या नजरेत भरणार नाही. रात्री ती नेमकी ज्याला दिसावयास हवी, त्याला दिसेल.