डांगचे राजे: करारापासून दरबारापर्यंत

नाशिक-धुळ्याला लागून असलेल्या डांगात सगळ्या मुलखाचा एक राजा कधीच नव्हता. गाढवी, लिंगा, दहेर, वासुर्णा आणि पिंपरी इथले पाच भिल्ल राजे आणि त्यांच्या जोडीचे नऊ नाईक भाऊबंदकीने बांधलेले होते. भाऊबंदकी म्हटली की भांडणेही आलीच. कर भरणाऱ्याला मात्र सगळे सारखेच. मुलखात शेती करणाऱ्या कोकणा जमातीच्या लोकांकडून ते औतामागे कर घेत. बाहेर गायकवाडांच्या गावांवर गिरासाचा, म्हणजे महसुलातल्या वाट्याचा, हक्क सांगत. तो थकला की धाड पडे. सरहद्द इतरांच्या नकाशावर होती, राजांच्या हिशेबात नव्हती.

या धाडी मोडायला १८३० मध्ये इंग्रज अधिकारी जेम्स औट्रम फौज घेऊन खानदेशातून डांगात शिरला. पण इंग्रजांचा खरा डोळा सागावर होता; मुंबईच्या गोदीला लाकूड हवे होते. १८४२ मध्ये राजांशी करार झाले: जंगल इंग्रजांचे, राजांना दरसाल ठरावीक रोख रक्कम. ती वाटण्यासाठी सर्वांना एका जागी बोलावू लागले, आणि तोच पुढे डांग दरबार झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी राखीव जंगलाची हद्द शेतापर्यंत आली, तेव्हा कराराचा अर्थ राजांना आणि रयतेला एकदमच कळला. त्यानंतर जंगले पेटवली गेली, उठावही झाले.

देवांचे नाते मात्र कोणत्याच करारात बसले नाही. मार्गशीर्षात भगताच्या मागे पावरीच्या सुरावर नाचणारे डोंगऱ्यादेवाचे माऊली डांगात दिसतात, तसेच हद्दीपलीकडच्या बागलाण, कळवण, सुरगाणा आणि साक्रीतही. साल्हेरचा डोंगर दोन्हीकडून दिसतो.

१९४८ मध्ये डांग मुंबई प्रांतात आला. पुढच्याच वर्षी मुंबई सरकारचे बाळासाहेब खेर आणि मोरारजी देसाई यांनी दौरा करून डांगी बोलीला गुजराती ठरवले. मराठी अभ्यासकांनी त्याला कडाडून विरोध केला, आणि डांगी ऐकणाऱ्या कोणालाही तो रास्तच वाटेल. तरी १ मे १९६० रोजी डांग गुजरातेत गेला. राजांना कोणी विचारले नाही.

होळीच्या तोंडावर डांगमधल्या आहव्याला आजही दरबार भरतो. राजे बग्गीतून मिरवत येतात, मानाचे पान-सुपारी घेतात, सालियाना स्वीकारतात. १९७१ मध्ये देशभरच्या संस्थानिकांचे तनखे बंद झाले; डांगच्या राजांचा सालियाना चालू राहिला, कारण तो गादीचा नव्हे, जंगलाचा मोबदला आहे.