चुकांसकट जपलेलं पुस्तक

दोस्तांनो, दोन पुस्तकं समोर आहेत. एक अगदी निर्दोष, दुसरं चुकांनी भरलेलं. जास्त किमतीचं कोणतं? तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला! पण गंमत ऐका.

१९९७ साली हॅरी पॉटरची पहिली कादंबरी लंडनहून प्रसिद्ध झाली. त्याआधी प्रकाशकांनी सुमारे दोनशे कच्च्या प्रती काढल्या होत्या. आतल्या पानावर लेखिकेचं नाव चक्क चुकलं होतं. 'जे. के. रोलिंग'ऐवजी 'जे. ए. रोलिंग'! याच प्रतींसाठी आज संग्राहक लाखो रुपये मोजतात. या कच्च्या प्रतींना म्हणतात प्रूफप्रती. पुस्तक बाजारात येण्याआधी परीक्षकांनी आणि विक्रेत्यांनी ते वाचावं, म्हणून त्या काढतात. पुढे लेखक एखादं वाक्य बदलतो, कधी परिच्छेदच गाळतो. तो आधी काय होता, हे फक्त प्रूफप्रतीत दिसतं.

आपल्याकडे अशा बांधलेल्या प्रूफप्रतींची रीत फारशी रुजली नाही. पण प्रुफं मात्र निघतच होती. शिशाचा एकेक खिळा जुळवून मजकूर तयार व्हायचा. त्यावर शाई फिरवून लांब कागदावर ठसा घेत. मग मुद्रितशोधक आणि लेखक समासात खुणा करायचे. दुरुस्त्या झाल्या, छपाई झाली, की खिळे सुटे करून पुन्हा खणांत टाकायचे. आणि ते खुणांचे कागद? बहुतेक रद्दीत! एका कादंबरीच्या जन्माची गोष्ट पुड्या बांधायला जायची.

म्हणूनच मराठीत संग्राहकाला मोलाची वाटते ती पहिली आवृत्ती. सांगली जिल्ह्यातल्या माडगुळ्याच्या व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५), वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांची 'फकिरा' (१९५९), भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' (१९६३). यांच्या नव्या आवृत्त्या सहज मिळतात. पण पहिल्या आवृत्तीची चांगली प्रत, तीही मूळ मुखपृष्ठासह? शोधून बघा!

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं पुण्या-मुंबईत. छे! १९७५ आणि २००३ साली मराठी साहित्य संमेलन भरलं ते आपल्या कराडात. यशवंतराव चव्हाण मोठमोठी पदं सांभाळताना पुस्तकंही जमवत होते. त्यांचा तो ग्रंथसंग्रह कराडच्या वेणूताई चव्हाण स्मारकात जपला आहे. अशा गावात जुन्या घरांच्या माळ्यावर काय काय असेल, सांगा बरं!

तेव्हा आजोबांची पुस्तकं किलोवर विकायला निघाली, की आधी आतलं पान उलटा. तिथे 'पहिली आवृत्ती' आणि साल दिसतं का पाहा. 'पुनर्मुद्रण' असेल तर ती पहिली नव्हे. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, ती पुढे पिवळी पडते आणि कागद खराब करते. नाव घालायचंच तर पेन्सिलीने. नवी बांधणी करताना बाइंडर जुनं मुखपृष्ठ फाडून टाकतो, त्याला आधीच बजावा. आणि हो, प्रत महाग असो वा स्वस्त, वाचल्याशिवाय कपाटात ठेवायची नाही!

आईबाबांनाही एक सांगणं. आता लेखन संगणकावर होतं. चुकलेला शब्द पुसला की त्याचा मागमूस राहत नाही. मुलांच्या निबंधाचा खाडाखोड केलेला कागद फेकून देऊ नका. त्यांनी कुठला शब्द खोडून कुठला निवडला, ते त्याच कागदावर दिसतं. पक्क्या वहीत ते सापडायचं नाही.