विहिरीवरचं हिरवं बटण

शेतीपंपाची थ्री फेज लाईट पाळीने येते. कधी दिवसा आठ तास, कधी रात्री आठ-दहा. रात्रपाळीच्या आठवड्यात माणूस बॅटरी घेऊन विहीर गाठतो. वाटेत चिखल, साप. जुन्नरकडच्या उसात बिबट्या. एवढं करून पोचावं तर डीपीवरचा, म्हणजे रोहित्रावरचा, फ्यूज उडालेला.

पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी आपल्या आजोबांची अशी पायपीट पाहिली होती. त्यातून त्यांनी ‘नॅनो गणेश’ हे यंत्र काढलं. फोन लावून आकडे दाबले की दूरची मोटार चालू किंवा बंद होई. 2009 मध्ये त्याला नोकियाच्या स्पर्धेत पारितोषिक मिळालं. आता तालुक्याच्या दुकानात ‘मोबाईल स्टार्टर’ म्हणून असे बरेच डबे मिळतात. काही कॉलवर चालतात, काही मेसेजवर. मला मेसेजवाला अधिक पटतो, कारण काय सांगितलं आणि काय उत्तर आलं हे दोन्ही फोनवर लेखी राहतं.

डब्यात सिमकार्ड घातलेला छोटा मोडेम असतो. मेसेज आला की आतली चिप ‘एटी’ या अक्षरांनी सुरू होणारी आज्ञा देऊन तो वाचून घेते. आज्ञांची ही पद्धत अमेरिकेतल्या हेज कंपनीच्या 1981 च्या मोडेमपासून चालत आली आहे. मग चिप पाठवणाऱ्याचा नंबर तपासते. नोंदवलेल्या नंबरांपैकी नसेल तर मेसेज तिथेच बाद.

पुढचं काम डोळ्यांनी बघण्यासारखं आहे. स्टार्टरचं हिरवं बटण आपण क्षणभरच दाबतो. तेवढ्यात कॉइलला वीज मिळते, काँटॅक्टर खट्‌कन आत ओढला जातो आणि त्याचाच एक जादा संपर्क कॉइलला धरून ठेवतो. बोट काढलं तरी मोटार चालत राहते. लाल बटण ही साखळी तोडतं. लाईट गेली तरीही ती तुटते आणि परत आली तरी आपोआप जुळत नाही. डब्यातला रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच, हिरव्या बटणाला समांतर जोडलेला असतो आणि बोटासारखा क्षणभर मिटतो. मूळ स्टार्टर तसाच राहतो. डबा बिघडला तर हाताने मोटार चालू करता येते.

पण डब्याची खरी पारख उत्तरावरून करावी. रिले मिटला म्हणून ‘मोटार चालू’ असा मेसेज धाडणारा डबा फसवा. एखादा फेज गेलेला असू शकतो, काँटॅक्टर ओढलाच गेला नसेल. चांगला डबा मोटारीच्या वायरवर बसवलेल्या सीटीने (करंट ट्रान्सफॉर्मरने) करंट मोजतो आणि मगच बोलतो. करंट फार कमी म्हणजे पाणी तुटलं, मोटार कोरडी फिरतेय. जास्त म्हणजे व्होल्टेज पडलंय किंवा पंप अडकलाय. दोन्ही वेळा तो आधी मोटार बंद करतो, मग कळवतो. ‘लाईट गेली’ हे सांगायलाही त्याला जीव लागतो, म्हणून आत छोटी बॅटरी हवी. देवनागरी मेसेजला 70 अक्षरांची जागा असते. ‘मोटार चालू, तिन्ही फेज बरोबर’ एवढं त्यात आरामात बसतं, तेव्हा उत्तर मराठीतच मागावं.

‘ऑटो’ लावून मोकळं होण्याची सवय मात्र वाईट. लाईट आली की डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकाच वेळी उठतात, सुरुवातीचा करंट नेहमीच्या कितीतरी पट असतो आणि फ्यूज किंवा डीपीच जळते. ऑटो स्विच काढा, असं महावितरण वारंवार सांगतं ते यासाठीच. ‘लाईट आली’ असा मेसेज वाचून माणसाने पाच-दहा मिनिटांनी ‘चालू’ पाठवलं तर सगळ्या डीपीवर उपकार होतात.

मेसेज रेंज नसताना अडकून राहतो आणि उशिरा पोचतो, हा मोठा धोका. पंप खोलून बसलेल्या माणसाच्या हातात मोटार अचानक फिरू शकते. म्हणून दुरुस्तीआधी मेन स्विच पाडून किटकॅट (फ्यूज) काढायच्या आणि खिशात ठेवायच्या, मग डबा कितीही भरवशाचा असो.

डबा घेताना तो 2जी आहे की 4जी, हे विचारावं. जिओचं जाळं 4जीपासूनच सुरू झालं, त्यामुळे जुन्या 2जी डब्यात ते सिम चालत नाही. शिवाय 2018 च्या अखेरीपासून इतर कंपन्यांचं सिम जिवंत ठेवायलाही ठरावीक रिचार्ज लागू लागलं. विहिरीवरचं सिम कुणाच्या लक्षात राहत नाही आणि ते नेमकं पाण्याच्या पाळीतच बंद पडतं. घरच्या फोनच्या रिचार्जच्या दिवशीच त्याचंही करून टाकावं.