उंच इमारतींवरील वाऱ्याचे मोजमाप

वैशाखात वारा सुटला म्हणजे विजेच्या तारा गुणगुणू लागतात, हे नेरमध्ये कोणी ऐकले नसेल असे नाही. तारेमागे हवेचे भोवरे एकदा वरून, एकदा खालून सुटतात. त्यांच्या ठोक्यांचा तो नाद. उंच इमारतीमागेही असेच भोवरे डावी-उजवीकडून आळीपाळीने सुटतात. त्यांची लय इमारतीच्या स्वतःच्या लयीशी जुळली, की बेताचा वाराही तिला आडवे झोके देतो.

आपल्या वऱ्हाडचा कापूस ज्या मुंबईत गिरण्यांसाठी जात असे, तिथे लोअर परळला श्रीनिवास मिलच्या जागेवर आता २८० मीटर उंचीची ‘वर्ल्ड वन’ उभी आहे. एवढ्या उंचीचा हिशेब कसा करतात? भारतीय मानक ८७५, भाग ३ मध्ये मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. मौज अशी की नागपूरसाठीही तेवढाच! हा वेग जमिनीपासून १० मीटरवरचा. त्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ११८ किलो भरतो. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट. आणि वर जावे तसा वेग वाढतच जातो.

परंतु कोष्टकात शेजारच्या इमारती नसतात. म्हणून इमारतीची छोटी प्रतिकृती, भोवतालच्या वस्तीसह, फिरत्या चकतीवर ठेवून वातबोगद्यात वारा सोडतात. प्रतिकृतीला शेकडो सूक्ष्म भोके असतात. प्रत्येकातला दाब वेगळा टिपतात. चकती थोडी थोडी फिरवून सर्व दिशा तपासतात.

एवढ्याने इमारत टिकेल की नाही, हे कळते. आतल्या माणसाचे काय? न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या अभियंत्यांना १९६५ साली हाच प्रश्न पडला. त्यांनी ऑरेगॉनमधील यूजीन गावी डोळे फुकट तपासण्याच्या निमित्ताने लोकांना बोलावले, आणि खोलीच हळूहळू हलवली! अपेक्षेपेक्षा फारच थोड्या हालचालीने लोकांना गरगरले. न सांगता असा प्रयोग करणे आम्हांला रुचत नाही. पण त्याने डोळे उघडले खरे. पुढे २००१ साली नष्ट झालेल्या त्या प्रत्येक मनोऱ्यात झोके शोषणारे सुमारे १०,००० शामक बसवले होते.

इमारत पुरी झाल्यावरही माथ्यावर वेगमापक व कंपनमापक बसवता येतात. झोका किती लवकर विरतो, हे आधी अंदाजानेच धरावे लागते. खरा आकडा पहिल्या मोठ्या वादळात हाती येतो.