कोको, सावली आणि माती

चॉकलेट ठाऊक नाही असा विद्यार्थी विरळाच. परंतु ज्या झाडाच्या बियांपासून ते होते, त्याच्या जमिनीची हकीकत थोड्यांसच माहीत असते. ती येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

कोकोचे मूळ घर ॲमेझॉनचे अरण्य होय. तेथे तो उंच वृक्षांच्या छायेत वाढतो. आफ्रिकेतील घाना देशात, ज्यास पूर्वी गोल्ड कोस्ट म्हणत, बासेल मिशनने १८५७ च्या सुमारास त्याची रोपे लावून पाहिली. पुढे १८७९ च्या सुमारास टेट्टे क्वार्शी ह्या, त्याच मिशनच्या कारखान्यात लोहारकाम शिकलेल्या गृहस्थाने फर्नांडो पो बेटावरून आणलेल्या बिया लावल्या, आणि लागवडीस जोर आला.

झाडास ऊन हवे, मग सावली कशाला? ह्याचे उत्तर मातीत आहे. उष्ण कटिबंधातील मुसळधार पाऊस चुना, मॅग्नेशियम व पालाश धुऊन खोल नेतो. माती आम्ल होते; मागे उरलेली लोह व ॲल्युमिनियम ह्यांची संयुगे स्फुरदास असा घट्ट धरितात की, तो असूनही मुळांस लाभत नाही. पोषक द्रव्ये सांभाळण्याचे काम बहुतांशी कुजलेल्या पाल्याचे काळे द्रव्य करिते.

सावलीच्या झाडांची खोल मुळे खाली गेलेली द्रव्ये वर आणितात. गळलेल्या पानांवाटे ती भूमीस परत मिळतात. गिरिपुष्प व पांगारा ह्यांसारख्या झाडांच्या मुळांवरील गाठींतले जंतू हवेतील नत्र बांधून ठेवितात. छायेने माती तापत नाही, म्हणून ते काळे द्रव्यही लवकर नाहीसे होत नाही. त्रिनिदाद बेटात पांगाऱ्याच्या जातीच्या वृक्षास ‘कोकोची माता’ म्हणतात, ते उगीच नव्हे.

तथापि सावली जितकी दाट तितकी बरी, असे समजू नये. दाट छायेत फळे रोगाने काळी पडून कुजतात. शिवाय घानातील, १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत सावली काढून भरपूर खत दिलेल्या कोकोस पुष्कळच अधिक पीक आले. मोह येथेच आहे. खताची ऐपत नसलेला शेतकरी सावली तोडतो, तेव्हा काही वर्षे पीक वाढते; परंतु फळांबरोबर जमिनीचे सत्त्व जाते आणि परत काही येत नाही. अखेर झाडे थकतात, व तो नवे अरण्य तोडावयास निघतो. म्हणून बेताची सावली राखावी, आणि पालाशाने भरलेली फळांची टरफले बागेतच कुजू द्यावी, हे शहाणपणाचे.

व्याज खावे, मुद्दल खाऊ नये, हा व्यवहार आईबाप मुलांस शिकवितात. मातीविषयीही तोच नियम आहे. कारण आपण भूमीचे धनी नसून देवाने नेमिलेले कारभारी आहो, आणि हिशेब पुढल्या पिढीस द्यावयाचा आहे.