काकांची पुडी आणि दोनशे रुपयांचा कायदा

‘जा रे, टपरीवरून एक पुडी घेऊन ये माझ्यासाठी.’ शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर वाढलेल्या कुणालाही हे वाक्य नवीन नाही. पाहुणे आले की चहामागोमाग तंबाखू-चुना निघतो, आणि संपला असेल तर आणायला पळतं ते घरातलं सगळ्यात लहान पोर. यात काही चुकतंय असं कुणाच्या मनातही येत नाही. पण कायद्याने बघितलं, तर त्या पोराच्या हातात पुडी पडली त्या क्षणी टपरीवाल्याने गुन्हा केलेला असतो. पुडी काकांची असली, तरी घेणारा १८ वर्षांखालचा आहे ना!

हा नियम आहे २००३च्या सिगारेट आणि इतर तंबाखू उत्पादने कायद्यातला. सगळे त्याला ‘कोटपा’ म्हणतात. त्याचं कलम ६ दोन गोष्टी सांगतं. एक, १८ वर्षांखालच्या कुणालाही तंबाखू विकायची नाही. दोन, शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत ती कुणालाच विकायची नाही. आपण अकरावीला आलो की स्वतःला मोठे समजायला लागतो, पण ज्युनिअर कॉलेजातले बहुतेक जण कायद्याने अजून अल्पवयीनच असतात. आणि ‘मला वाटलं तो मोठा आहे’ हे कारण दुकानदाराला चालत नाही. गिऱ्हाईक सज्ञान होतं हे सिद्ध करायची जबाबदारी त्याचीच.

आणखी एक नियम फारसा कुणाला माहीत नसतो. अल्पवयीन मुलाने तंबाखू विकणंही चालत नाही. बाबा जेवायला गेले की नववीतला मुलगा गल्ल्यावर बसतो, हे गावाकडच्या दुकानांत रोजचं चित्र. बिस्किटं खुशाल विकावीत त्याने, पण विडीचं बंडल नाही.

शंभर यार्ड म्हणजे किती?

साधारण ९१ मीटर. मोजायचे ते संस्थेच्या कंपाउंडपासून, चहूबाजूंनी, सरळ रेषेत. ‘रस्त्याने वळसा घालून आलात तर दीडशे मीटर होतात’ हा हिशेब चालत नाही. मोबाइलवर नकाशा उघडा आणि आपल्या कॉलेजभोवती हे वर्तुळ काढून बघा. तालुक्याच्या गावात शाळा, कॉलेज, एसटी स्टँड, बाजारपेठ सगळं हाकेच्या अंतरावर असतं. एका शाळेचं वर्तुळ संपतं तिथे दुसरीचं सुरू होतं. आश्रमशाळाही यात आल्याच. कायदा टपरी बंद करा असं म्हणत नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. चहा, वडापाव, रिचार्ज, काहीही विका. फक्त पुड्यांची माळ उतरवा.

वेप, गुटखा आणि सुटी सिगारेट

वेपबद्दल कायदा सगळ्यात स्पष्ट आहे. १८ सप्टेंबर २०१९ला केंद्राने अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी संसदेने कायदा केला. ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, साठवणं, जाहिरात करणं, सगळ्यावर बंदी. ‘यात निकोटिन नाही, नुसता फ्लेवर आहे’ ही पळवाट नाही आणि ऑनलाइन विक्रीही त्यातच. पहिल्यांदा विकताना सापडलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे ‘मित्रांसाठी दोन-चार मागवतो, वर थोडे पैसे सुटतात’ हा साइड बिझनेस चांगलाच महागात पडू शकतो.

गुटख्यावर महाराष्ट्रात जुलै २०१२पासून बंदी आहे. पानमसाला, सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारीही त्यात येतात. गंमत म्हणजे ही बंदी रिचार्जसारखी आहे, व्हॅलिडिटी एका वर्षाची. अन्न सुरक्षा कायद्याखाली आयुक्तांना एका वेळी जास्तीत जास्त वर्षभराची बंदी घालता येते, त्यामुळे आदेश दरवर्षी नव्याने निघतो. सप्टेंबर २०२०मध्ये राज्याने सुटी सिगारेट आणि सुटी विडी विकायलाही मनाई केली. कारण साधं आहे. पाकिटावरचा इशारा सुट्या सिगारेटवर नसतो, आणि पॉकेटमनीतून पाकीट परवडत नसलं तरी एक सिगारेट परवडते.

एकच पुडी, दोन शिक्षा

हेडलाइन वेपच्या होतात, पण आपल्याकडचा खरा प्रश्न तोंडातल्या तंबाखूचा आहे. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. त्यात धूर न काढता, म्हणजे चघळून किंवा मशेरी लावून वापरणारे २४.४ टक्के. आजी सकाळी दाताला मशेरी लावते, तिला तर आपण व्यसन म्हणतच नाही.

या खऱ्या प्रश्नाला दंड किती? अल्पवयीन मुलाला किंवा शाळेजवळ तंबाखू विकली, तर कोटपाखाली जास्तीत जास्त २०० रुपये. एवढी रक्कम टपरीवर थोड्या वेळात वसूल होते. आता गंमत बघा. २०१५च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७७ म्हणतं, मुलाला तंबाखू दिली तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. एकाच पुडीला दोन कायदे. एक इतका हलका की कुणी घाबरत नाही, दुसरा इतका जड की ओळखीच्या टपरीवाल्यावर लावायला कुणाचा हात उठत नाही. मधलं काहीतरी हवं. शेजारच्या कर्नाटकाने २०२५मध्ये वयाची अट २१ केली आणि दंड हजारावर नेला. महाराष्ट्रालाही हे अशक्य नाही. कमला मिलच्या आगीनंतर २०१८मध्ये याच कोटपात राज्याने दुरुस्ती केली आणि हुक्का पार्लर बंद केले.

आपण काय करायचं?

मतदार यादीत नाव असेल, तर तुम्ही गावच्या ग्रामसभेचे सदस्य आहात. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडमधली काही गावं पेसा क्षेत्रात येतात, तिथे ग्रामसभेचं वजन आणखी जास्त. गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ अभियानात कितीतरी गावांनी ग्रामसभेतूनच दारू-तंबाखूची विक्री थांबवली. आपल्याकडे सुरुवात छोटी करता येईल: शाळेभोवती शंभर यार्डांवर पिवळी रेघ आखा, आतल्या टपऱ्यांना बाहेर जागा द्या, असा विषय मांडायचा. कॉलेजात एनएसएस असेल तर रेघ आखायला हात आहेतच.

आणि स्वतःला किंवा घरच्या कुणाला सोडायचीच असेल, तर १८००-११-२३५६ हा टोल-फ्री नंबर आहे. शोधायची गरज नाही, तो प्रत्येक पाकिटावर आणि पुडीवर छापलेला असतो. काकांनी पुढच्या वेळी पुडी मागितली, तर आणून देऊ नका. त्यांच्याजवळची रिकामी पुडी घ्या आणि तो नंबर त्यांना वाचून दाखवा.