न पाहणारा गुरू : दूरचित्रवाणीवरील सुतारकाम आणि जव्हार-मोखाड्याचे मुखवटे

सुतारकाम कसे शिकवावे हा प्रश्न भाषाशास्त्राच्या कक्षेत येतो काय, अशी शंका प्रथमदर्शनी कोणासही येईल. वस्तुतः कारागिरीचे शिक्षण हा भाषाव्यवहाराचाच एक प्रकार आहे; फार तर असे म्हणता येईल की, या व्यवहारात शब्द थोडे असतात आणि ते नेमक्या वेळी उच्चारले जातात. दूरचित्रवाणीवरून, आणि अलीकडे भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून, सुतारकामाचे धडे देणारे कारागीर जगभर लोकप्रिय झाले आहेत. त्यांच्या शिकवणुकीतून काय पोहोचते आणि काय पोहोचत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या दोन तालुक्यांच्या संदर्भात करावयाचा आहे. हेच तालुके निवडण्याचे कारण असे की, लाकूड कोरण्याची एक जुनी विद्या तेथे हळूहळू मागे पडत आहे आणि ती पडद्याच्या साहाय्याने राखता येईल काय, हा प्रश्न तेथे केवळ तात्त्विक राहत नाही.

प्रथम या परिसराची थोडी ओळख करून घेणे इष्ट होईल. मुकणे घराण्याचे जव्हार संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले. पुढे हा भाग ठाणे जिल्ह्यात होता, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी नव्याने निर्माण झालेल्या पालघर जिल्ह्यात तो समाविष्ट झाला. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी व कातकरी या आदिवासी जमातींची येथे दाट वस्ती आहे. ग्रिअर्सन यांनी आपल्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात वारली व कातकरी या बोलींचा मराठीबरोबरच विचार केलेला आहे. तेव्हापासून या बोलींकडे अभ्यासकांचे लक्ष असले, तरी त्यांतील कामधंद्याच्या शब्दांकडे मात्र त्या मानाने कमीच गेले आहे.

या परिसरात चैत्र-वैशाखाच्या सुमारास बोहाडा नावाचा उत्सव होतो. रात्रीच्या वेळी मुखवटे घातलेली सोंगे वाद्यांच्या तालावर नाचत येतात. आरंभी गणपती व सरस्वती, मग पुराणांतील देव व दैत्य आणि शेवटी देवी, असा साधारण क्रम असतो. पूर्वी हे मुखवटे लाकडाचे कोरीत. सोंग घेणाऱ्यास तो भार तोंडावर बांधून नाचावे लागत असल्याने लाकूड हलके निवडणे भाग असे. आज मात्र बहुतेक मुखवटे कागदाच्या लगद्याचे असतात. ते वजनाला हलके असतात, त्यांना खर्च कमी येतो आणि जंगलातून लाकूड आणण्याचा प्रश्नही उरत नाही. १९२७ चा भारतीय वन अधिनियम व १९६४ चा महाराष्ट्रातील वृक्षतोडीचे नियमन करणारा अधिनियम यांनंतर लाकूड मिळविणे ही पूर्वीइतकी साधी गोष्ट राहिलेली नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

लाकूड जाऊन लगदा आला, हा बदल केवळ साहित्याचा नाही, क्रियेचाही आहे. लाकडी मुखवट्यात कारागीर वजा करीत जातो. करवतीने ओंडका कापावयाचा, वाकसाने तासावयाचा, पटाशी व मोगरीने कोरावयाचा आणि शेवटी घासून गुळगुळीत करावयाचा, असा तो क्रम आहे. लगद्याच्या मुखवट्यात तो भर घालीत जातो. साच्यावर थर द्यावयाचे, ते वाळू द्यावयाचे आणि उणे राहील तेथे पुन्हा लावावयाचे, अशी ती रीत आहे. नाक बसके झाले तर लगद्यात ते वाढविता येते. लाकडात एकदा उडालेला कपचा परत बसविता येत नाही. हा भेद वाचकांनी मनात ठेवावा, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर उभे आहे.

आता दूरचित्रवाणीकडे वळू. ब्रिटनमध्ये बॅरी बकनेल हा गृहस्थ १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात बीबीसीवरून घरदुरुस्तीचे धडे देऊ लागला. १९६२ साली सुरू झालेल्या एका मालिकेत त्याने लंडनच्या ईलिंग भागातील एक जुने घर प्रेक्षकांसमोर दुरुस्त केले. जुन्या नक्षीदार दारांवर हार्डबोर्डचे सपाट पत्रे ठोकून ती आधुनिक करावीत, हा त्याचा सल्ला असंख्य घरांत पाळला गेला. पुढच्या पिढीने तेच पत्रे उखडून आतील जुनी दारे पुन्हा मोकळी केली. एका गुरूचे मत एकाच वेळी लक्षावधी घरांत पोहोचते तेव्हा त्याची चूकही तितक्याच घरांत पोहोचते, हा त्यातील बोध होय. अमेरिकेत नॉर्म एब्रम याचा सुतारकामाचा कार्यक्रम १९८९ ते २००९ पर्यंत चालला. यंत्रांनी सुसज्ज अशा कार्यशाळेत तो आधी तयार वस्तू दाखवी आणि मग तिच्या घडणीचे टप्पे उलगडी. याउलट रॉय अंडरहिल याने १९७९ मध्ये सुरू केलेला आणि २०१७ पर्यंत चाललेला कार्यक्रम केवळ हातहत्यारांचा होता. तो चित्रणात फारसा खंड पडू देत नसे; त्यामुळे त्याला लागलेली धाप, घाई आणि प्रसंगी बोटाला झालेली जखमही प्रेक्षकांस दिसे. शिकणाऱ्याच्या दृष्टीने या दुसऱ्या पद्धतीचे मोल अधिक आहे, कारण काम नीट होण्यापूर्वी ते कसे बिघडू पाहते हे तीत दिसते.

पडद्याचे सामर्थ्य कशात आहे हे भाषेच्या अंगाने पाहता येते. कार्ल ब्यूलर याने १९३४ च्या आपल्या ग्रंथात दर्शक शब्दांच्या क्षेत्राची चर्चा केली आहे. ‘हे’, ‘इकडून’, ‘असे’, ‘एवढे’ हे शब्द बोलणारा व ऐकणारा एकाच दृश्यासमोर असतील तरच अर्थपूर्ण होतात. पुस्तकातील सुतारकाम दुबळे ठरते ते याच कारणाने. ‘पटाशी असे धरून इकडून मारा’ हे वाक्य छापले की रिकामे होते; पडद्यावर ते भरते. हत्याराचा कोन, हाताची ठेवण, पायांची जागा, एका घावानंतर दुसऱ्या घावाचा क्रम या गोष्टी डोळ्याने घेता येतात. ध्वनिचित्रफीत थांबवून पुन्हा पाहण्याची सोय आता हाती आल्यामुळे तर हे दर्शन हवे तितक्या वेळा घडते. ही उपलब्धी लहान नाही.

परंतु दर्शक शब्दांतही दोन जाती आहेत. ‘इकडून’ डोळ्याला दिसते. ‘एवढा जोर’ दिसत नाही. घाव किती जोराचा, हत्यार लाकडात अडले की सरकले, आवाज भरीव आला की पोकळ, हे सारे हाताला व कानाला कळते. मायकेल पोलान्यी याने १९५८ मध्ये असे प्रतिपादन केले की, ज्या कौशल्याचे पूर्ण वर्णन करता येत नाही ते नियम सांगून देता येत नाही. ते उस्तादाच्या उदाहरणातून शिष्याकडे जाते, आणि म्हणून त्याचा प्रसार प्रत्यक्ष सहवासापुरता मर्यादित राहतो. पडद्याने उदाहरणाचा पल्ला वाढविला, सहवासाचा वाढविला नाही. सहवासात गुरू शिष्याला दिसतो, तसा शिष्यही गुरूला दिसतो. पडद्यावरचा गुरू बोलतो, करून दाखवितो, परंतु पाहत नाही.

येथे एकलव्याची कथा आठवणे साहजिक आहे. महाभारताच्या आदिपर्वातील हा निषादपुत्र द्रोणाच्या मातीच्या प्रतिमेसमोर धनुर्विद्या शिकला. न पाहणाऱ्या गुरूचे हे आपल्या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय, आणि ते यशस्वी झाले. ते का यशस्वी झाले असावे? बाण लक्ष्यावर लागला की चुकला हे धनुर्धराला लगेच कळते. चुकला तर दुसरा बाण भात्यात असतो. चूक स्वतःच स्वतःची वार्ता देते आणि ती परत फिरविता येते. अशा विद्येत गुरूची प्रतिमाही पुरू शकते.

याच कसोटीवर दोन प्रकारचे मुखवटे तोलून पाहावेत. लगद्याचा मुखवटा पडद्यावर पाहून शिकणे शक्य आहे, कारण प्रत्येक टप्प्यावर मागे येता येते. लाकडी मुखवट्यात चूक कळते तेव्हा उशीर झालेला असतो. नाकाची उंची राखण्यासाठी आरंभीच किती लाकूड सोडावे, तंतूंचा कल कोठे उलटतो, पटाशी कोणत्या बाजूने घातली असता फळी चिरेल, हे निर्णय घाव घालण्यापूर्वीचे आहेत. त्या क्षणी जवळच्या जाणत्याने उच्चारलेले ‘थांब’ किंवा ‘उलटे धर’ हे दोन-तीन शब्द संपूर्ण चित्रफितीहून मोलाचे ठरतात. मॅलिनोव्स्की याने १९२३ च्या निबंधात भाषा ही मुळात क्रियेचा एक प्रकार आहे असे म्हटले. ट्रोब्रियांड बेटांवरील मासेमारांचे बोलणे हे त्यांच्या कामाचाच भाग होते, हे त्याने दाखविले. सुताराचे ‘थांब’ हेही तसेच हत्यार आहे. ते घाव पडण्यापूर्वी वापरावयाचे असते.

दुसरी अडचण स्थळाची आहे. गुरू ज्या हवामानात बोलतो त्या हवामानाचे ज्ञान त्याच्या बोलण्यात गृहीत असते, आणि ते उच्चारले जात नाही. लाकूड लांबीच्या दिशेने जवळजवळ फुगत नाही. रुंदीच्या दिशेने मात्र फुगते व आकसते, आणि वार्षिक वर्तुळांच्या स्पर्शरेषेच्या दिशेने होणारा हा बदल त्रिज्येच्या दिशेने होणाऱ्या बदलाच्या साधारण दुप्पट असतो. अमेरिकेतील तापविलेल्या घरांत लाकडातील पाण्याचे प्रमाण ६ ते ८ टक्क्यांवर स्थिरावते. कोकणपट्टीच्या पावसाळी हवेत तेच १५ टक्क्यांच्या वर जाते. तेथील सुताराने फळी व चौकट यांत जेवढी फट पुरेशी म्हणून दाखविली, तेवढीच जव्हारच्या घराच्या दाराला ठेवली, तर आषाढात दार अडकेल. शिकणाऱ्याने सर्व काही बरोबर पाहिले आणि बरोबर केले, तरीही वस्तू चुकली, असा हा प्रकार आहे. गावातील सुताराला मात्र कुसू किती सैल असावे हे ऋतूसकट ठाऊक असते.

तिसरी अडचण शब्दांची. पडद्यावरील धडे बहुधा इंग्रजीत किंवा हिंदीत असतात. मराठीत असले तरी ते शहरी प्रमाण मराठीत असतात. शिकणाऱ्याला हाताची क्रिया कळते, पण तिचे नाव परके येते. यात बिघडले काय, असे कोणी विचारील. नाव परके असणे हा स्वतःच दोष नव्हे. ‘गिरमिट’ हा शब्दही मराठीत बाहेरूनच आला आहे. हानी होते ती वेगळीच. शिकणारा जे नाव पडद्यावरून घेतो, ते त्याच्या घरातील वृद्धाला अपरिचित असते; वृद्ध जो शब्द वापरतो, तो शिकणाऱ्याने ऐकलेला नसतो. ज्या एका माणसाकडे पाहणारा डोळा आहे, त्याच्याशी बोलण्याची भाषाच मग उरत नाही.

यावर उपाय आहे काय? महाराष्ट्रातील एक जुना प्रयोग येथे मार्गदर्शक ठरतो. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावरून शेतकऱ्यांच्या श्रवणमंडळांचा प्रयोग केला. पाच मराठी जिल्ह्यांतील १५० खेड्यांत मंडळे स्थापन झाली. वीस कार्यक्रम प्रसारित झाले. लोकांनी एकत्र बसून ऐकावे आणि लगेच आपापसांत चर्चा करावी, अशी योजना होती. पॉल न्यूराथ यांनी केलेल्या मूल्यमापनात असे आढळले की, जेथे मंडळे होती तेथील लोकांच्या ज्ञानात मोठी भर पडली, आणि जेथे केवळ रेडिओ होता पण मंडळ नव्हते तेथे ती फारच कमी पडली. रेडिओ दोन्हीकडे तोच होता. फरक पडला तो ऐकणाऱ्यांच्या एकमेकांशी बोलण्याने. पुढे १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शैक्षणिक दूरचित्रवाणीचा मोठा प्रयोग झाला, त्यातही संच सामूहिक होते. महाराष्ट्र मात्र त्या सहा राज्यांत नव्हता. १९७२ मध्ये मुंबई केंद्र सुरू झाल्यावर आपल्याकडे दूरचित्रवाणी आली, ती हळूहळू घराघरांत एकेकट्याने पाहण्याची वस्तू झाली. भ्रमणध्वनीने तो एकान्त पूर्ण केला.

तात्पर्य, पडद्याला गुरू न मानता गुरूच्या अंगणातील साधन मानले पाहिजे. पाहावयाचे ते पडद्यावर, करावयाचे ते जाणत्याच्या देखत, अशी विभागणी केल्यास दोन्हींचे गुण पदरात पडतात. जव्हार-मोखाड्यात लाकडी मुखवटा कोरण्याचा हात ज्यांना अजून आहे, त्यांच्या कामाचे चित्रण करावयाचे तर ते कापून-जोडून देखणे करू नये. चुकलेला घाव, थांबून केलेला विचार, लाकूड फिरवून पाहणे, हे सारे त्यात राहू द्यावे. आणि एकट्या कारागिराचे चित्रण करण्याऐवजी तो कोणाला तरी शिकवीत असताना करावे. कारण जे शब्द आपणांस हवे आहेत, ते शिष्य समोर असल्यावाचून तोंडातून निघत नाहीत.

आपल्या विभागातील विद्यार्थ्यांचे काम येथून सुरू होते. धंद्याच्या शब्दांचे संग्रह आजवर बहुधा नामांचे झाले. हत्यार समोर ठेवून ‘याला काय म्हणता’ असे विचारले की नाम मिळते. परंतु विद्या असते ती क्रियापदांत, क्रियाविशेषणांत आणि निषेधांत : तासणे व कोरणे यांची सीमा कोठे, ‘हळू’ आणि ‘दमाने’ यांत फरक काय, ‘नको’ केव्हा म्हणावयाचे. हे शब्द काम चालू असतानाच टिपावे लागतील, कोणत्या घावाआधी उच्चारले गेले याच्या नोंदीसह. वाकस संग्रहालयात ठेवता येईल. ‘थांब’ हा शब्द योग्य क्षणी म्हणणारा माणूस तेथे ठेवता येत नाही. तो आहे तोवर त्याच्या शेजारी बसून ऐकणे, एवढेच आपल्या हाती आहे.